दोन पेल्यांची मंडळी

पंधराव्या वर्षी मला ख्रिस्ती मंडळीत घेतलं आणि त्याच दिवशी प्रभूचा द्राक्षरस मी देवळामागं जाऊन थुंकले. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. ते आठवलं की अजून तोंडात पाणी येतं, ओकारीच्या आधी येतं तसलं, आणि सांगायचं राहून जातं.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं दोन कोसांवर. राज्य निजामाचं. वडील मिशनचे उपदेशक होते. आठवडाभर देवळातच पोरांना शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायचे. देऊळ म्हणजे धाब्याची एक लांब खोली, एक दार, दोन झरोके. मंडळीत दोन तऱ्हेची घरं होती. आम्ही महारवाड्यातून आलेलो, आणि ओढ्यापलीकडची पाच-सहा घरं मांगवाड्यातून आलेली. प्रभूजवळ आल्यावर जात उरत नाही, असं वडील नेहमी सांगायचे. ते सांगत असायचे तेव्हा पलीकडची माणसं दाराशी, आम्ही चपला काढायचो तिथं बसलेली असायची. आमच्या चपलांना लागून त्यांची पोरं पेंगायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला त्या पोरांच्या अंगाचा वास येतो असं वाटायचं, आणि मी पदर नाकाला लावून गीतं म्हणायची.

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस, द्यायचा अधिकार वडिलांना नव्हता. त्यासाठी पाळकसाहेब वर्षातून तीन-चार वेळा निजामाच्या हद्दीपलीकडून छकड्यातून यायचे. पेला एकच होता, मुलाम्याचा, कडेला पितळ उघडं पडलेला. रीत ठरलेली होती. आधी आमच्या वाड्यातले, मंडळीचे थोरले पंच, मग आमचे पुरुष, मग आमच्या बायका, आणि तळाशी जे राहील ते दाराशी.

त्या दिवशी आलेले पाळकसाहेब म्हातारे होते आणि आमच्याकडं पहिल्यांदाच आले होते. त्यांनी पेला उचलला आणि थेट दारापर्यंत चालत गेले. दाराशी सगळ्यात पुढं सुईण बसली होती. आमच्या दोन्ही वाड्यांतलीच काय, पाटलाच्या घरचीही बाळंतपणं ती करायची. माझी नाळ तिनंच कापलेली. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला, गोंदलेली हनुवटी वर केली आणि सावकाश एक घोट घेतला. मग तिच्या मागची सगळी प्याली. आणि मग तो पेला आमच्याकडं आला.

थोरल्या पंचांनी ओठ मिटूनच पेला टेकवला, मी बघितलं. बाकीच्या पुरुषांनी तसंच केलं. आईनं पदराआड तोंड नेलं आणि परत आणलं, पेल्यातला रस हललाही नाही. माझी पहिलीच वेळ. मला खोटं प्यायची युक्ती माहीत नव्हती. मी प्याले. रस तोंडात गेल्यावर मला कळलं की आपण काय केलं, आणि मग तो गिळवेना. गाल फुगवून मी आशीर्वाद संपेपर्यंत बसले आणि देवळामागं पळाले.

तिथं थोरले पंच आधीच उभे होते. न प्यालेल्या ओठांवर ते राख चोळत होते. मी थुंकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आपल्या लोट्यातलं पाणी पुढं केलं आणि मायेनं म्हणाले, “भर चूळ, पोरी. दोनदा भर.”

हेच पंच पाटलाच्या वाड्यावर कामाला गेले की ओसरीखाली उकिडवे बसून ओंजळीत पाणी घ्यायचे. वरून ओतणाऱ्या बाईनं धार जरा उंचावरून सोडली की घरी येऊन चरफडायचे. ते मला ठाऊक होतं. तरी मी दोनदा चूळ भरली आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला पुढं सगळ्यात जास्त किळस आली.

त्यानंतर महिन्याभरात पंचांनी वडिलांना सांगितलं की पुन्हा असं झालं तर आमची घरं देवळात यायची नाहीत. वडील धाराशिवला जाऊन जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला घेऊन आले. पुढच्या वेळी दोन पेले मांडले गेले: मुलाम्याचा आतल्यांना, जर्मनचा दाराशी. ते म्हातारे पाळकसाहेब तोवर बदलून गेले होते. नवे तरुण होते. त्यांनी दोन्ही पेल्यांकडं बघितलं आणि वडिलांना म्हणाले, “हळूहळू होईल.” आणि दोन्ही पेल्यांवर एकच प्रार्थना म्हटली.

जर्मनचा पेला सुईणीपुढं गेला तेव्हा तिनं हात पुढं केला नाही.

“घ्या ना, बाई,” पाळकसाहेब म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला काय तहान न्हाय लागली.”

तिनं येणं मात्र सोडलं नाही. दर रविवारी दाराशी बसायची, दर प्रभुभोजनाला पेला पुढं जाऊ द्यायची. आमच्या बायका त्यावर हसायच्या. मीही हसले असेन.

पुढं मिशननं मला हद्दीपलीकडच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवलं. वडील येडशीच्या स्टेशनापर्यंत पोचवायला आले होते. तिथं मी तीन वर्षं राहिले. पू, रक्त, हगवण, कुजलेल्या जखमा, सगळं मी हातांनी काढलं. पहिले सहा महिने जेवण जात नव्हतं, मग जायला लागलं. खरी घाण काय असते ते तिथं कळलं आणि ती धुतली की जाते हेही कळलं. दवाखान्याच्या देवळात पेला एकच होता. झाडूवाली माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या आधी प्यायची. पहिल्यांदा मी डोळे मिटून गिळलं. सहाव्या-सातव्या वेळेला मिटावे लागले नाहीत.

परत आले ती रझाकारांच्या धामधुमीच्या आदल्या वर्षी. पहिल्याच रविवारी प्रभुभोजन होतं. वडिलांनी कपाटातून दोन्ही पेले काढले, एका फडक्यानं मुलाम्याचा पुसला, आणि मग जर्मनचा पुसायला दुसरं फडकं घेतलं. पेले दोन आहेत हे मला माहीत होतं. फडकीही दोन आहेत हे मी विसरले होते, किंवा कधी बघितलंच नव्हतं. मी उठले आणि उपासनेतून घरी आले.

दुपारी वडील जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, “बाबा, ते फडकं वेगळं कशाला?”

“कंचं फडकं?”

“पुसायचं. पेला वेगळा हाय ते बघितलं. फडकंबी वेगळं?”

ते भाकरी मोडत राहिले. आई म्हणाली, “खाऊ दे की त्यांना.”

“तुमी उपदेश करताना जात न्हाय म्हणता.”

“पेले दोन असले म्हणून काय झालं?” वडील शांतपणे म्हणाले. “रस एकाच बाटलीतला हाय. पंच घरं घेऊन गेले असते, तर मंडळी फुटली असती. म्या मंडळी राखली.”

“ही मंडळी हाय? मला शिसारी येती तुमच्या मंडळीची.”

“माझीबी?”

“व्हय. तुमचीबी.”

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. वडिलांनी ताटात हात धुतले. त्यानंतर वर्षभर मी देवळात पाऊल टाकलं नाही. रविवारी सकाळी गीतांचा आवाज यायचा, त्यात थोरल्या पंचांचा भरदार आवाज सगळ्यांच्या वर, आणि मी घरात बसून कानात बोटं घालायची. प्रेमावरचं गीत लागलं की मला मळमळायचं. प्रार्थना सोडली, पवित्र शास्त्र उघडणं सोडलं. वडिलांशी कामापुरतं बोलायची. ते खाताना तोंडाचा आवाज करायचे, पूर्वी कधी जाणवला नव्हता, आता तोही सहन होईना.

मग पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा आला. रझाकारांच्या भीतीनं रस्ते बंद झालेले, येडशीपर्यंतसुद्धा गाडी जुंपायला कुणी तयार नाही. पाळकसाहेबांचं येणंही थांबलं होतं. त्याच दिवसांत भावजयीचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या. मी तपासलं तर मूल पायाळू होतं. दवाखान्यात असली दोन बाळंतपणं मी पाहिली होती, पण केली डॉक्टरीणबाईंनी होती. दिवस वर आला तरी काही पुढं सरकेना. मी भावाला म्हटलं, “ओढ्यापलीकडं जा. सुईणीला घेऊन ये.”

ती आली. मी साबण आणि कढत पाणी पुढं केलं. तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि नखं माझ्यापुढं धरली. मी ती कापून दिली. मग तिनं भावजयीच्या पोटावर कान ठेवला.

“बाय, तू वरून दाब. म्या सांगंन तवाच. मदी घाई करू नकू,” मला म्हणाली.

दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीत होतो. तिचा हात कसा वळत होता ते मी पाहिलं, आणि तसा हात मला पुढं चाळीस वर्षं नोकरी करून आला नाही. मुलगी झाली. आधी निळी पडलेली, मग रडली. सुईण भिंतीला टेकून बसली आणि पाणी मागितलं.

आई तांब्या घेऊन आली. सून वाचलेली, नात वाचलेली, आईच्या डोळ्यांत पाणी. आणि तिनं तांब्या वर धरला. सुईणीनं सवयीनं ओंजळ केली. जे हात आतासं नातीला ओढून काढून मोकळे झाले होते, त्यांच्यावर माझी आई धार सोडत होती, आणि तांब्या हाताला लागू नये म्हणून टाचा उंचावून उभी होती. तिच्या तोंडून प्रभूचे आभार चालू होते.

मी आईच्या हातातून तांब्या घेतला आणि सुईणीच्या हातात दिला. तिनं तो परत खाली ठेवला.

“ऱ्हाऊ दे, बाय. तुजी आय भांडं टाकून दील. चांगलं भांडं हाय.”

ती निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत गेले. दारातून मागं वळून बघितलं तर सुईण बसली होती तिथली जमीन आई शेणानं सारवायला लागली होती.

ओढा आटलेला होता. मध्ये एक डोह, त्यात गुडघाभर हिरवं पाणी. मी तिला म्हटलं, “मावशी, तुमी देवळात कशापायी येता?”

तिला तुम्ही म्हणायची आमच्या वाड्याची रीत नव्हती. ती थबकली, मी चेष्टा करते की काय ते तिनं बघितलं, आणि मग डोहाकाठी दगडावर बसली.

“तुज्या आज्याची अन् माज्या बापाची दोस्ती व्हती, ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले. ते या गावातले पहिले ख्रिस्ती, एवढंच घरात सांगितलं जायचं.

“पैले दोगं व्हते,” ती म्हणाली. “तुजा आजा अन् माजा बा. माजा बा दोर वळायचा. त्यो उपदेश करणारा म्हातारा पायी आला व्हता, त्यानं दोगाला याच डव्हात बुडीवलं. येकाला आदी, येकाला मागनं असं न्हाय, दोगाला संगंच. वर आले तर तुमच्या वाड्यानं आज्याला घरात घितलं न्हाय अन् आमच्या वाड्यानं बाला. मंग हितंच बसले, वाळूत. बानं भाकर मोडली. गाडग्यात गुळाचं पाणी केलं. म्हातारा प्याला, बा प्याला, तुजा आजा प्याला. मीबी व्हते, लहान. अन् तुजा बापबी व्हता.”

“माझे बाबा?”

“माज्या मागनं त्योच प्याला की. हावरट व्हता, गाडगं सोडीना.” ती जरा हसली. “ती मंडळी व्हती. म्या तिला येती. तुमच्या त्या पेल्यांला न्हाय येत. माजा बा सांगून गेलाय, दार सोडू नकू. म्हणून दार धरून बसलीया.”

मी थेट देवळाकडं आले. वडील देवळात एकटे बसून पोरांच्या पाट्या पुसत होते. मी दारातूनच विचारलं, “डोहाकाठी तुमी गाडग्यातून प्यालात का?”

त्यांनी पाटी खाली ठेवली.

“सात वर्सांचा व्हतो,” मग म्हणाले.

“आम्हाला कधी सांगितलं न्हाय.”

“काय सांगू? सांगितलं तर जर्मनचा पेला कसा आणू?” ते पुन्हा पाटी उचलून पुसायला लागले. “मला रोज वीट येतो, पोरी. तुला येक वरीस झालं. मला त्यो पेला आणल्यापास्नं सात वर्सं झाली.”

मला त्यांची दया आली नाही. सात वर्षं वीट येऊन माणूस दोन फडकी धुतो, वाळवतो आणि घडी घालून ठेवतो, याचीच मला जास्त किळस वाटली. मी तसं बोलले.

पुढच्या रविवारी मी देवळात गेले. कोऱ्या गाडग्यात गुळाचं पाणी आणि फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी वडिलांनी टेबलावर ठेवली होती. मला आधी काही सांगितलं नव्हतं. उपासना संपल्यावर ते म्हणाले की पाळकसाहेब येऊ शकत नाहीत आणि प्रभुभोजन द्यायचा आपल्याला अधिकार नाही. हे प्रभुभोजन नव्हे, नुसतं प्रीतिभोजन आहे. मग त्यांनी डोहाकाठची सगळी हकिकत सांगितली. आपण प्यालो तेही सांगितलं. “आपल्या मंडळीचा पाया ह्यो हाय,” ते म्हणाले. “वरचं समदं म्या बांधलं, आन् वाकडं बांधलं.”

त्यांनी भाकरी मोडली, गाडगं उचललं, दाराशी गेले आणि सुईणीपुढं वाकले. तिनं त्यांच्याकडं बघितलं, गाडगं घेतलं आणि प्याली. मग वडील प्याले. गाडग्याच्या त्याच कडेनं.

थोरले पंच उठले. “उपदेशक, तुमी आज आमची अब्रू घितली,” म्हणाले आणि निघाले. त्यांच्या मागं घरंच्या घरं उठली. दाराशी पलीकडची माणसं बसलेली, त्यांना लागू नये म्हणून बायका लुगडी सावरत, पाय उचलून टाकत बाहेर पडल्या. मेलेल्या उंदरावरून जावं तशा. माझी आई त्यांच्यात होती.

आमच्या बाजूचे पाचजण उरले. गाडगं माझ्याकडं आलं. दवाखान्यात तीन वर्षं काढलेली मी, मला वाटलं होतं आता काही होणार नाही. पण हे माझं गाव होतं, ती माझ्या लहानपणची माणसं होती, आणि घशाशी तीच जुनी घाण चढून आली. ती त्यांची नव्हती, माझीच होती, हे मला कळत होतं. मी प्याले. पाणी गोड होतं, मातीचा वास होता. गिळलं.

सहज नाही गेलं, पण त्या दिवसापासून मी पुन्हा प्रार्थना करायला लागले. मोठमोठ्या शब्दांची नाही. डोळे मिटले की मला कोरडा ओढा दिसतो आणि वाळूत बसलेली दोन ओली माणसं दिसतात. तेवढ्यावर माझा विश्वास बसतो.

पंचांनी मिशनकडं अर्ज केला. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते खुले झाले, आणि थंडीत वडिलांच्या बदलीचा कागद आला: लोहाऱ्याच्या बाजूचं एक गाव. कागदात लिहिलं होतं, मंडळीच्या शांतीसाठी. नवे उपदेशक येऊन पोचलेसुद्धा. कपाटाची किल्ली वडिलांनी त्यांच्या हातात दिली. दोन्ही पेले आतच होते. पुढं ते वापरात राहिल्याचं मी ऐकलं.

निघायच्या सकाळी सामान गाडीत भरल्यावर वडील म्हणाले, “ओढ्यापलीकडं जाऊन येऊ.” गाडी ओढ्यातून नेली आणि सुईणीच्या घरापुढं उभी केली. वडील आणि मी उतरलो. आई उतरली नाही.

सुईणीनं पोतं अंथरलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वाटीत ताक. वडील मांडी घालून बसले.

“बाई,” ते म्हणाले, “म्या तुमाला लई वर्सं दाराशी बसीवलं.”

“व्हय,” ती म्हणाली. “बसीवलं.” आणि त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. वडिलांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. आम्ही पोटभर जेवलो.

गाडी धाराशिवच्या रस्त्याला लागली तेव्हा आईनं विचारलं, “जेवलात?”

“जेवलो,” वडील म्हणाले.

तिनं आपलं अंथरूण गाडीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं आणि आम्हा दोघांकडं पाठ करून बसली. नव्या गावी पोचल्यावर तिनं सगळ्यात आधी आमचे कपडे काढून घेतले आणि सोडा घालून उकळले.